प्रॉम्प्टरची घाई

मास्तरांनी आयुष्यात एकाही पोराला शिकवलं नव्हतं. ते नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहायचं आणि अडलेल्या नटाला पुढचं वाक्य कुजबुजत द्यायचं, हा त्यांचा धंदा. मास्तर हे नाव नटांनीच पाडलेलं. मास्तर मात्र त्या नटांना मनातून कवडीची किंमत देत नसत. वाक्यं ह्यांनी पुरवायची आणि टाळ्या त्या ढोंग्यांनी खायच्या!

आज या वृद्धनिवासात पाऊल टाकल्यापासून मास्तरांचं नाक असंच वर चढलं होतं. दारात प्लास्टिकची फुलं, तीही धूळ खात पडलेली. भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो, सगळ्यांची कवळी कोरी करकरीत. “नुसतं बघून तर येऊ, बाबा,” असं म्हणून मुलगा त्यांना घेऊन आला होता. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची खोड जुनीच. बाथरूममध्ये पडल्यापासून मास्तर त्याच्याच घरी राहत होते. एकट्यानं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे आता एक तर मुलाचं घर, नाही तर हे.

मास्तरांना मुलाकडेच राहायचं होतं. पण ते तोंडानं मागायचं? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी. त्यानं आपणहून म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि त्या शेळपटाकडून तीही जास्तच होती.

व्यवस्थापिकाबाई त्यांना जेवणघरात घेऊन गेल्या. तिथं एक पांढऱ्या वेणीच्या आजी सेविकेला म्हणत होत्या, “मला जरा...”

“पाणी हवंय? शाल देऊ? खोलीत जायचंय का?” सेविकेनं एका दमात विचारलं.

आजी गोंधळल्या आणि मिळाली ती शाल पांघरून बसल्या. मास्तरांचं डोकं फिरलं.

“अहो, थांबा की जरा! त्या विसरल्या नव्हत्या, थांबल्या होत्या. विसरलेला माणूस मदतीसाठी इकडेतिकडे बघतो. थांबलेला समोर बघतो. तो आपल्याकडे बघेपर्यंत तोंड उघडायचं नसतं. एवढं कळत नाही, आणि म्हणे माणसं सांभाळतात!”

“आजोबा भारीच गोड आहेत हं!” व्यवस्थापिकाबाई मुलाला म्हणाल्या.

“मी गोड नाही,” मास्तर म्हणाले, “आणि तुमचा आजोबाही नाही.”

मुलगा ओशाळून हसला. घरी कुणी बापाची टिंगल केली तरी तो असाच हसायचा.

मग सगळे ऑफिसात आले. टेबलासमोर खुर्ची एकच, ती मुलानं घेतली. मास्तरांना मागच्या सोफ्यावर बसवलं. तिथून त्यांना मुलाची फक्त मान आणि डोक्यावरचा विरळ झालेला भोवरा दिसत होता.

“मग, काय ठरवलंत?” बाईंनी विचारलं.

“मला वाटतं,” मुलगा म्हणाला, “बाबांनी...”

आणि गाडी अडली. पंखा फिरत राहिला. बाई हसू टिकवून वाट बघत होत्या. मुलाची मान लाल झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात झाडाचं काम होतं, एकुलतं एक वाक्य होतं, तेव्हाही हा ठोंब्या असाच उभा राहिला होता. मास्तरांना ती शांतता सोसवेना. पुढं काय येणार ते त्यांना माहीतच होतं. जन्माची सवय, तोंड आपोआप उघडलं.

“...इथंच राहावं,” ते कुजबुजले.

“बाबांनी इथंच राहावं,” मुलगा खणखणीत म्हणाला.

“वा, छानच!” बाई उठल्या. “खोलीची किल्ली घेऊन येते.”

त्या गेल्यावर मास्तर उठून मुलासमोर आले. त्याचे डोळे भरलेले बघून ते चरकले.

“तू काय म्हणणार होतास?”

“आता काय त्याचं, बाबा? तुम्हीच बोललात ना.”

“काय म्हणणार होतास, ते सांग.”

“बाबांनी माझ्याकडेच राहावं, असं.” हे तो इतकं हळू बोलला, की दुसऱ्या रांगेतही ऐकू गेलं नसतं.

मास्तरांना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला वेळेआधी वाक्य दिलं नव्हतं. दिलं ते आज, तोंडसुद्धा न बघता.

“मग म्हण की आता. बाई येतील, त्यांना सांग.”

एवढं बोलून मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. बाहेर पावलं वाजली, बाई किल्ली घेऊन दारात आल्या. मास्तर मुलाच्या तोंडाकडे बघत थांबले. मुलानं बापाकडे बघितलं नाही, बाईंकडेही नाही. तो समोरच्या खिडकीकडे बघत राहिला आणि मग त्यानं रुमालानं डोळे पुसले. सुटका झालेली माणसं पुसतात, तसे.

वाक्य त्याला पाठ होतं. म्हणायचं नव्हतं.

“कुठली खोली?” मास्तरांनी बाईंना विचारलं आणि ते त्यांच्या मागून चालू लागले.