पाय नसलेल्या बायका

धम्मदीपची मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली, ते साल २००५. तिला सोडायला-आणायला म्हणून धम्मदीपची आई गयाबाई नागपूरहून इंग्लंडात, लीड्सला आली. पण एकटीला घर खायला उठायचं, म्हणून दर मंगळवारी ती सून धम्मशीला हिच्याबरोबर चित्रकलेच्या वर्गाला जाऊन बसू लागली.

वर्ग घेणारा एतियेन ऐंशी पार केलेला फ्रेंच शिल्पकार. पन्नास वर्षांपूर्वी तो इंग्लंडात आला, बागाबागांतून त्याच्या दगडी बायका उभ्या राहिल्या, त्याच्यावर दोन जाड पुस्तकंही निघाली. वर्गाच्या भिंतीवर त्याने काढलेली त्या बायकांची चित्रं होती. गयाबाईने चष्मा पुसून एकेक पाहिलं.

"अंगावर कपडा नाही, ते राहू दे. पण धम्मशीला, याइचे पाय कुठी गेले?"

"आई, हळू बोला! ती त्यांची स्टाइल आहे. माणूस दगडातून उगवतो, असं पुस्तकात लिहिलंय."

"उगवते म्हणे! माणूस का कापसाची पऱ्हाटी हाय?"

बाई काय म्हणतात, असं एतियेनने विचारलं. सुनेने लाजतच सांगितलं. म्हातारा खोकला येईपर्यंत हसला.

"साठ वर्षांत हे कोणी विचारलं नाही, मादाम. मला पाय जमत नाहीत. शिकत होतो तेव्हा मास्तर म्हणाले, तुझी बाई उभी नाही, टांगलेली आहे. तेव्हापासून गुडघ्याखाली दगडच ठेवतो." त्याने थरथरणारे हात पुढे केले. "मरण्याआधी एक तरी बाई तिच्या पायांवर उभी करायची होती. हे किती दिवस साथ देतात, बघू."

गयाबाईने वीस वर्षं धरणाच्या कामावर मुरूम वाहिला होता. तिने मोजे काढले, कोळशाच्या भुकटीत पाय घोळवले आणि जमिनीवर अंथरलेल्या कागदावरून चालत गेली. मग मफलरची चुंबळ केली, ओल्या मातीचा टब डोक्यावर घेतला.

"आई, कंबर!" सून ओरडली.

गयाबाई दुसऱ्यांदा चालून आली.

"हे रिकामे पाय. हे ओझ्याचे. बोटं पाहा कशी फाकली. तुही बाई काही उचलतच नाही, म्हातारबा. मंग पाय कायले पाहिजे तिले?"

'म्हातारबा' तेवढं गाळून धम्मशीलेने सगळं सांगितलं. एतियेन गुडघे टेकून बराच वेळ ते ठसे पाहत राहिला.

सगळा हिवाळा त्याने गयाबाईचे पाय काढले. "ही करंगळी माही नाही, तुह्या मास्तरची हाय," असं ती म्हणाली की तो मुकाट्याने पुसायचा. छिन्नी धरवेना, म्हणून मूर्ती मातीत घेतली आणि या खेपेला खालून सुरुवात केली. टाचा झाल्या, घोटे झाले. गुडघ्यापर्यंत आला तेव्हा फेब्रुवारी सरत होता.

गयाबाईने भोवती एक फेरी मारली. "हे मातर उभी हाय. पण आता वरची बाई कुठी गेली?"

"वरची मला येते, मादाम," एतियेन म्हणाला. "ती राहिली तरी चालेल."

एतियेन ११ मार्च २००६ रोजी लीड्सच्या इस्पितळात वारला.