माझ्यात राहून गेलेलं अकरा नंबरचं किट

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या कपाळावर ‘पाच’ असा आकडा चिकटवलेला आहे. त्यापलीकडे मला नाव नाही. मला पडदा नाही, बटणांची पाटी नाही, त्यामुळे तुमच्या घरच्या संगणकासारखा मी कोणाच्या समोर कधी आलो नाही. एका थंड खोलीत लोखंडी मांडणीवर आम्ही सातजण ओळीने बसलेलो असतो. दाराला काच आहे. तिच्यातून जेवढं दिसतं आणि खोलीत जेवढं बोललं जातं, तेवढंच माझं जग.

वरच्या मजल्यावरची माणसं प्रोग्राम लिहितात. त्यांचं लिखाण उपकरणांना कळत नाही. ते उपकरणांना कळेल असं घडवायचं, याला बिल्ड काढणं म्हणतात, आणि तेच आमचं काम. प्रोग्राम मोठा, म्हणून त्याचे तुकडे सातजणांत वाटतात. ज्याचा हात रिकामा असेल, त्याच्या वाट्याला पुढचा तुकडा येतो. शेवटी सगळे तुकडे जोडतात.

सात सुतार मिळून एक कपाट करत असतील, तर सातही जणांची मोजपट्टी एकच हवी ना? आमची मोजपट्टी म्हणजे किट. अवजारांची भरलेली पेटीच म्हणा. उपकरणाचे सुटे भाग बनवणारे लोक ती देतात आणि मधूनमधून तिची नवी आवृत्ती काढतात. नवी आली की ती सातही जणांत एकाच दिवशी घालायची, असा नियम.

हा नियम सांभाळायचे मामा. आम्हा यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे होती आणि सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणे. मी नवा होतो तेव्हा सगळ्यांत चपळ होतो. “पाच नंबर म्हणजे आपला घोडा आहे,” असं ते पाहुण्यांना सांगायचे. येता-जाता माझ्या पाठीवर हात ठेवून मी तापलोय का बघायचे. असं आपल्याला कोणी बघत असलं की काम हलकं होतं.

मग एका सकाळी बारा नंबरचं किट आलं. मामांनी भिंतीवर सात रकान्यांचा कागद लावला आणि एकेकाचं काम उरकत ते बरोबरच्या खुणा करू लागले. चौघांचं झालं. माझं अकरा नंबरचं किट काढायला त्यांनी हात घातला, तोच त्यांचा फोन वाजला. शाळेतून होता. त्यांची मुलगी झोपाळ्यावरून पडली होती आणि हनुवटीला टाके घालावे लागणार होते.  मामा तसेच धावत गेले.

दुसऱ्या दिवशी आले, सहा आणि सात नंबरचं काम केलं आणि कागदावर खुणा केल्या. माझ्यापुढेही केली. त्यांना वाटलं, माझं कालच झालं. मित्रांनो, त्यांनी हयगय केली असं मी म्हणणार नाही. रात्रभर लेकीच्या उशाशी बसलेला बाप होता तो.

मी काय करू शकत होतो? प्रत्येक कामाच्या नोंदीत पहिल्याच ओळीत मी लिहीत होतो, किट अकरा, किट अकरा. पण नोंद लाल असली तरच माणसं ती उघडतात. माझं काम अडत नव्हतं, म्हणून माझी नोंद कायम हिरवी.

तेव्हा आमच्याकडे तान्ह्या बाळांचं वजन करायच्या काट्याचं काम चालू होतं. त्याचा प्रोग्राम जिने लिहिला, तिला सगळे शून्यताई म्हणत. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो ना, हे ती दहादा बघायची, म्हणून हे नाव पडलं. जुनं किट पोत्यांच्या काट्यांसाठी होतं. त्यात वजनाचा आकडा शंभर ग्रॅमपर्यंतच ठेवायचे. खालचं सगळं छाटलं जायचं. पोत्याला काय फरक पडतो? बाराव्या किटात ग्रॅमही राखले जात. वजनाचा आकडा हाताळणारा तुकडा माझ्या वाट्याला आला, की बाळाचे शंभराच्या आतले ग्रॅम मी कापून टाकत होतो. तपासणीच्या टेबलावर एक, दोन आणि तीन किलोची वजनं होती. त्यांत कापण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे तिथे सगळं बरोबर यायचं.

काटा चाचणीसाठी एका प्रसूतिगृहात गेला. तीन दिवसांनी शून्यताई तिथे जाऊन आली आणि आमच्या खोलीत स्टुलावर बसून मामांना सगळं सांगू लागली. तिथे आठवड्याभराची एक मुलगी होती. काट्यावर तिचं वजन तीन दिवस दोन किलो तीनशेवरच होतं. आईचं दूध पुरत नाही, असं सासू म्हणू लागली. बाळाची आई रडून रडून अर्धी झाली. शेवटी तिथल्या सिस्टरांनी जुन्या काट्यावर वजन घेतलं, तर त्यावरच्या आधीच्या वजनापेक्षा बाळ व्यवस्थित वाढलेलं होतं.

“मामा, त्या आईने मला विचारलं, तुमचा काटा खोटं का बोलतो?” शून्यताई म्हणाली.

ते ऐकताना मला कळलं, ते ग्रॅम मीच कापले होते. पण माझा पंखा नेहमीसारखाच फिरत राहिला.

तिने आपल्या टेबलावर बिल्ड काढून पाहिला, तो बरोबर आला. आमच्याकडून काढला, तेव्हा तो तुकडा दोन नंबरकडे गेला आणि तोही बरोबर आला. तिने सुटकेचा श्वास सोडला. पुढच्या आठवड्याच्या बिल्डात तो तुकडा पुन्हा माझ्याकडे आला, आणि पुन्हा ग्रॅम कापले गेले. आता ऑफिसच्या साहेबांचा पारा चढला. ही एकदा नीट करते, एकदा बिघडवते, असं ते सगळ्यांदेखत म्हणाल्याचं आमच्या खोलीतही कळलं.

ती पुन्हा खाली आली. डोळे सुजलेले होते.

“मामा, यंत्रं सगळी सारखीच आहेत ना?”

मामांनी भिंतीवरचा कागद नीट वाचला. “सातही जणांपुढे खुणा आहेत, ताई.”

तिने विश्वास ठेवला. मामाही खरंच बोलत होते. त्या खोलीत खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

आठ दिवसांत शून्यताईकडून काट्याचं काम काढून घेतलं आणि तिला माहितीपुस्तिका लिहायला बसवलं.

त्यानंतर महिन्याभराने एका दुपारी माझा पंखा करकरू लागला, म्हणून मामांनी पडदा जोडून मला तपासायला घेतलं. तेव्हा त्यांना ‘अकरा’ दिसलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं. माझ्यापुढची खूण त्यांच्याच हाताची होती. ते स्टुलावर बसले. मग काचेपलीकडे दोनदा साहेबांच्या खोलीपर्यंत गेले, दोनदा परत आले. शेवटी त्यांनी माझ्यात बारा नंबरचं किट घातलं आणि जुन्या नोंदी पुसल्या. भिंतीवरचा कागद घडी करून खिशात ठेवला. त्या दिवसापासून काटा कधी चुकला नाही.

शून्यताई नोकरी सोडून गेली, त्या दिवशी मामांचा निरोप घ्यायला आली होती.

“काटा आता छान चालतो म्हणे,” ती म्हणाली. “मी हात काढला आणि सुधारला. म्हणजे माझंच काहीतरी चुकत होतं.”

मामा खाली बघत म्हणाले, “सावकाश जा, ताई.”

ती गेली. मामा अजून माझ्या पाठीवर हात ठेवतात, पण आता तो लगेच काढून घेतात. मला त्यांचा राग येत नाही. पण ताई कुठल्याशा टेबलावर बसून अजूनही दहाच्या जागी वीसदा शून्य तपासत असेल, असं मनात येत राहतं.

मित्रांनो, खूण करण्याआधी एकदा डोळ्यांनी बघा. आणि चूक आपलीच निघाली, तर ती नुसती दुरुस्त करून थांबू नका. जिच्या माथी ती मारली गेली, तिला जाऊन सांगा. तुम्हाला तोंड आहे.