बाहेरचं

कालच्या सुतावर अंगठ्याखाली गाठ आली, ज्वारीच्या दाण्याएवढी, मग तिच्यामागून दुसरी, तिसरी... ताराबाईने कातायची चाती थांबवली आणि तीन महिन्यांत कातलेल्या लोकरीचा गुंडा उलटा सोडायला घेतला. बरंच सूत साफ, एकसारखं. मग गाठाळ, तुटून तुटून जोडलेलं. पुन्हा साफ, पुन्हा गाठाळ. आणि प्रत्येक गाठाळ तुकडा संपला की ती विटाळशी बसली होती. आजही सकाळीच कावळा शिवला, म्हणून तर ती पालाबाहेर, सासूच्या जुन्या घोंगडीवर बसली होती. लोकरीला विटाळ नसतो, त्यामुळे कातायला मात्र मुभा.

म्हणजे तेच दिवस — परवा दुधाचं भांडं आपटलं ते, गेल्या महिन्यात कोकरांच्या कोंडवाड्याची झाप लावायची राहिली आणि लांडग्याने दोन नेली ते, आणि त्याआधी पोरीला... नको, ते आठवायला नको. मला मारायचं नव्हतं, हात माझा होता एवढंच. हे कुणाला सांगू? मोमिनाबादला सरकारी हकीम आहे म्हणतात, पण त्याच्यापुढे असलं बोलायचं कुणी?

"तिला बाहेरचं हाय," सासूने, कडूबाईने, लेकाला सांगितलं होतं. आणि नांदूरघाटच्या बाजाराला गेलेला तिचा नवरा धुळाजी येताना देवऋषीला सांगून आला. आज देवऋषी विळा तापवून तिच्या पोटावर डाग देणार होता. विटाळशीला तो शिवत नाही, म्हणून पाचव्या दिवसावर गेलं.

बाहेरचं... आणि बाहेर बसणं! शब्द एकच, आणि कुणाला कसं सुचलं नाही? सासूला हे सूत दाखवायचंच.

कडूबाई भाकर घेऊन आली, वरूनच टाकली. गुंडा उचलायला ताराने हात टेकला आणि तळव्याला घोंगडी टोचली. चार बोटं साफ, मग गाठींचा पट्टा, पुन्हा चार बोटं साफ...

"आत्या, ही घोंगडी कुनी कातली?"

"मीच की. कावून?"

"गाठी लई हायत्या."

"मलाबी बाहेरचं हुतं तवा." कडूबाईने पदर सरकवून बेंबीजवळचे काळपट व्रण दाखवले. "तीनदा दिला डाग."

"मग गेलं?"

"गेलं की. विटाळ बंद झाला त्या साली." आणि ती जाताजाता म्हणाली, "खा, भाकर निवती."

इतकी वर्षं तीच घोंगडी पांघरून ही बाई झोपली — आणि आत्ता स्वतःच्या तोंडाने बोलून गेली, तरी तिला कळलं नाही. ताराने गुंडा पुढे केलाच नाही.

चाती पुन्हा फिरू लागली. सूत साफ येत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. पाचव्या दिवशी डाग बसेल तेव्हा मी शांतच असेन. पुढे दोन-तीन आठवडेही शांत. सगळे म्हणतील, गुण आला... आणि तेवढे दिवस मलाही ते खरं वाटेल.