लाल वाइन, वजडी आणि मी थुंकदाणी

मित्रांनो, मी थुंकदाणी आहे. तांब्याची, आतून कल्हई केलेली, वयाने साठीच्या पुढची. माझं नाव ऐकून तुमच्यातले काही जण हसले असतील, काहींनी तोंड वाकडं केलं असेल. खुशाल करा. मी लाजत-बिजत बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म फ्रान्समधला, लोआर नदीच्या काठचा. तिथे ओदिलबाईंच्या वडिलांचा द्राक्षमळा आणि वायनरी होती. त्यांनी गावच्या तांबटाकडून मला करून घेतलं. वाइन पारखणारा माणूस एका दिवसात चाळीस-पन्नास वाइन चाखतो. सगळ्या गिळल्या तर दुपारी त्याला स्वतःचं नावही आठवणार नाही. म्हणून तो घोट तोंडात घोळवतो, चव ध्यानात ठेवतो आणि माझ्यात थुंकतो. त्या मळ्याच्या सगळ्या वाइन मी अशाच ओळखू लागले. पांढरी कोरडी वाइन हिरव्या सफरचंदासारखी आंबट, मागून थोडा मध, आणि वास पावसात भिजलेल्या लोकरीचा. लाल वाइनला रास्पबेरीची चव, किंचित ढोबळी मिरची, आणि नुकतंच टोक काढलेल्या पेन्सिलीचा वास. तिसरी गोड. तिच्यात जर्दाळू आणि संत्र्याची वाळलेली साल.

दोन हजार एक साली इंग्लंडमधल्या रीडिंगचे शशिधर ही वाइन विक्रीसाठी मागवू लागले. ते मूळचे पुण्याचे. तेव्हा वडिलांमागे मळा ओदिलबाई चालवत होत्या; पहिल्या मालाबरोबर त्यांनी मला भेट म्हणून पाठवलं. चाखण्याच्या कार्यक्रमात मला पांढऱ्याशुभ्र टेबलावर मध्यभागी ठेवत. पाहुणे वाकून माझी नक्षी बघत, "लव्हली!" म्हणत आणि मग थुंकत. पाच वर्षं मी असा मान भोगला.

दोन हजार चार साली मृणाल आली. ती नागपूरची. रीडिंगमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत होती. संध्याकाळी क्लास करून तिने वाइनची परीक्षा दिली, पहिल्या झटक्यात पास झाली आणि कॉम्प्युटर सोडून शशिधरांकडे नोकरीला लागली. तिचं वर्क परमिट त्यांच्याच कंपनीने काढलं होतं. तिच्याइतकं तल्लख नाक मी दुसरं पाहिलं नाही. डोळे मिटून ती वाइनचं साल सांगायची.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात शशिधरांनी लंडनच्या ईलिंग भागातल्या एका हॉलमध्ये रविवारी दुपारचं जेवण ठरवलं. ओदिलबाई स्वतः येणार होत्या. चाळीस पाहुणे, बरीचशी मराठी कुटुंबं आणि दोन मोठ्या रेस्टॉरंटचे मालक. कुठल्या वाइनबरोबर कुठला पदार्थ, हे मृणालने ठरवायचं होतं. तिने महिनाभर घरी रांधून पाहिलं. पांढऱ्या वाइनशी तिने सुकट जुळवली, कारण तो आंबटपणा सुकटीचा खारटपणा उचलून धरतो. गोड वाइनला ठेचा-भाकरी, कारण गोडवा तिखटाला आवर घालतो. आणि लाल वाइनला वजडी. बकऱ्याच्या आतड्या-पोटाची वजडी, तिची आई करायची तशी, फक्त तिखट निम्मं आणि काळी मिरी जास्त. तिखट वाढलं की लाल वाइन कडू लागते, हे तिने सहा वेळा करून पाहिलं होतं.

यादी वाचून शशिधरांनी ती खाली ठेवली.

"मृणाल, बाकी ठीक आहे. वजडी काढ. तिथे लॅम्ब चॉप्स टाक."

"का, सर? मॅच परफेक्ट आहे. तुम्ही स्वतः चाखून बघा."

"चवीचा प्रश्न नाही गं. ते वस्तीतलं जेवण आहे. आपल्या टेबलावर नको."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

शशिधर म्हणाले, "तुझं परमिट जानेवारीत रिन्यू व्हायचंय, ते लक्षात ठेव."

मी तिथेच ऑफिसातल्या कपाटावर होते. मृणालने यादी उचलली आणि ती निघून गेली. मला वाटलं, संपलं. मी तिला ओळखलंच नव्हतं.

रविवारी तिचे वडील दादासाहेबही आले होते. नागपूरच्या कापडगिरणीत त्यांनी तीस वर्षं विणकामाचे साचे चालवले होते. लेकीला भेटायला महिनाभरासाठी आले होते. निळा सूट, कोटाला बाबासाहेबांचा छोटा बिल्ला. आधी वाइन चाखण्याचा कार्यक्रम झाला. सुटाबुटातले लोक एकेक करून माझ्याजवळ येत आणि थुंकत. दादासाहेब बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या काठावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "आमच्या वाडवडलांच्या गळ्यात मडकं बांधायचे, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. माझे आजोबा सांगायचे. इथे तर सगळे हौसेनं रांग लावून मडक्यात थुंकतायत! झकास!"

कुणीतरी खोकलं. शशिधर खिडकीबाहेर बघू लागले. मित्रांनो, एवढी वर्षं मला सगळे सुंदर म्हणाले होते, पण मी कोण आहे हे मला त्या माणसाने सांगितलं.

जेवण सुरू झालं. लाल वाइन ओतली गेली आणि मृणाल स्वतः मोठं पातेलं घेऊन बाहेर आली. झाकण काढलं. लॅम्ब चॉप्स नव्हते.

"ही वजडी," ती म्हणाली. "माझ्या आईची. काही लोकांना ही टेबलावर नको होती. मला हवी होती."

काहींनी ताटं सरकवली. एक बाई मुलाला म्हणाल्या, "नको खाऊस, ते आपलं नाही." पण ओदिलबाईंनी घास घेतला, वर वाइनचा घोट घेतला आणि पुन्हा वाढायला सांगितलं. "माझी आई आतडी शिजवायची," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "आणि याच वाइनबरोबर. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला चव कळते," मृणाल म्हणाली.

एका रेस्टॉरंट-मालकाने पाककृती मागितली. दुसरा न खाताच गेला. सगळे गोड मानून घरी गेले, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

पाहुणे पांगले. मी काठोकाठ भरले होते. शशिधरांचा आवाज थंड होता. "मृणाल, ते भांडं धू आणि गाडीत ठेव. उद्या आपण बोलू."

दोन वर्षं दर कार्यक्रमानंतर मला तिनेच धुतलं होतं. आज ती हलली नाही.

"सर, आज तुम्ही धुवा."

"काय?"

"तुम्ही थुंकलात ना त्यात?"

दादासाहेबांनी कोट काढला आणि बाह्या दुमडायला घेतल्या. "जाऊ दे बेटा, मी धुतो. दोन मिनिटांचं काम."

"बाबा, हात लावू नका!" ती ओरडली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही नाही. आता आपल्यातलं कुणी नाही."

दादासाहेबांनी बाह्या सरळ केल्या, कोट घातला, आणि बापलेक निघून गेले. शशिधरही गेले. मी त्या टेबलावर आंबत पडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची घाण वाटली नाही. मंगळवारी शशिधर एकटेच आले. नाक दाबून त्यांनी मला नळाखाली धरलं. धड घासता येत नव्हतं. तळाशी जांभळा डाग राहिला, तो अजून आहे.

मृणालचं परमिट त्यांनी रिन्यू केलं नाही. डिसेंबर तिने फार काळजीत काढला, असं ऑफिसमधल्या फोनवरच्या बोलण्यातून मला कळलं. मग बर्मिंगहॅमच्या एका वाइनविक्रेत्याने तिचं नवं परमिट काढलं आणि ओदिलबाईंनी आपली सगळी वाइन शशिधरांकडून काढून तिच्या हवाली केली. तिथल्या लाल वाइनच्या कार्डावर जोडीचा पदार्थ म्हणून वजडी छापलेली आहे म्हणतात.

मी मात्र रीडिंगलाच राहिले. ईलिंगची गोष्ट कंपनीत सगळ्यांना ठाऊक झाली. नवीन आलेलं कुणीही मला धुवायला हात लावत नाही. कार्यक्रम संपला की शशिधर स्वतःच मला उचलतात.

मित्रांनो, माझ्यासारखी भांडी तुमच्याही घरात असतील. त्यांना चकचकीत ठेवा, असं मी सांगणार नाही. ज्याने वापरलं त्याने धुवावं. ही माझी विनंती नाही, मागणी आहे. शशिधरांना पश्चात्ताप झाला का, मला माहीत नाही आणि मला त्याची पर्वाही नाही. ते धुतात.