टाकी सांगायची राहून गेली

आत्याच्या विमानात नुसतं बसायला मिळत नाही, काम करावं लागतं. माझं काम घड्याळाचं. दोन्ही पंखांत पेट्रोलची एकेक टाकी; दर अर्ध्या तासाने मी ‘टाकी’ म्हणायचं आणि आत्याने आमच्या मधली कळ फिरवून दुसरी टाकी चालू करायची. विमान दोनच माणसांचं, जवळजवळ आत्याच्याच वयाचं, आणि दोघांनाही वय काढलेलं खपत नाही.

त्या दुपारी मी जरा जास्तच ऐटीत होते. विमान शिकायच्या वर्गाचा अर्ज भरून ठेवला होता, फक्त बाबांची सही बाकी होती, आणि ही फेरी नीट झाली तर करतो असं त्यांनी कबूल केलं होतं.

वाटेत तळं दिसलं. जवळून दाखव म्हणून मी आत्याचं डोकं खाल्लं, तेव्हा ती बरीच खाली आली. पाण्यात ढग होते, ढगांत आमची सावली मासळीसारखी पोहत होती, आणि इंजिनाची घरघर इतकी एकसुरी की सगळं जग कुणीतरी दुधात भिजत घातलंय असं वाटायला लागलं. घड्याळ मनगटावरच होतं. मी मात्र तिथे नव्हते.

मग इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. समोरचा पंखा पट्टीसारखा उभा राहिला. घाबरायला हवं होतं, पण आधी छानच वाटलं, खोटं कशाला बोलू. आत्याने कळ फिरवली, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. इंजिन कुरकुरलं, पण धरेना, आणि वाट बघण्याइतकी उंची उरली नव्हती.

एरवी मला ‘टकळी, तोंड मिट’ म्हणणारी आत्या हळूच म्हणाली, “बोलत राहा. खाली काय दिसतंय ते सांग.”

मी सांगत सुटले. कापणी झालेलं शेत, पिवळं, चांगलं लांब. डावीकडे खांब, म्हणजे तारा असणार. उजवीकडे काही नाही, नुसता बांध. आत्या उजवीकडे वळली. शेत इतकं सावकाश वर येत होतं, जणू आम्हीच थांबलोय आणि तेच भेटायला निघालंय. मग एक दणका, दुसरा दणका, खुंटांचा चरचराट, की संपलं. कुठेतरी एक पक्षी आपला गातच होता, त्याला काय.

आत्याने पट्टा सोडला, दार उघडलं. मी घड्याळाचं सांगून टाकलं.

“घड्याळ माझ्याही हातात आहे,” ती म्हणाली. “दादाला एवढंच सांगते, इंजिन बंद पडलं. त्यात खोटं काही नाही.”

तसं सांगितलं तर सही होईल, हे दोघींनाही कळत होतं.

मी फोन मागून घेतला. आधी म्हटलं, दोघी धडधाकट आहोत. मग म्हटलं, “बाबा, टाकी मी सांगायची होती. मी ढग बघत बसले.”



“या वर्षी सही नाही,” बाबा म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. “पुढच्या वर्षी विचार. आत्याला दे.”

आत्या ‘हो दादा, हो’ करत, शाळकरी पोरीसारखी मान खाली घालून बांधाकडे चालत गेली. मी चाकांत अडकलेले खुंट उपसत बसले. रडू येत होतं, आणि गंमत म्हणजे मनाने मी अजून वरच होते, उतरलेच नव्हते.