जखमीचा सत्कार

डोकं

जखमी माणूस तपासताना डोक्यापासून सुरुवात करायची आणि पायाच्या बोटांपर्यंत यायचं. मधलं काही सोडायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. हे मीच शिकवते. शिकवायची.

आज मी उड्या मारणार आहे.

तर डोकं. ते बांधलेलं होतं. दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या, कपाळावरून एक पट्टा, हनुवटीवरून एक. डोळ्यांसमोर आभाळाचा तुकडा आणि सीताफळीची फांदी. लोणारच्या विवरात, कमळजा देवीच्या देवळाच्या थोडं वर, नारिंगी स्ट्रेचरवर मी उताणी पडले होते आणि मला काहीही झालेलं नव्हतं.

सराव होता. घटस्थापनेच्या आधीचा रविवार. नवरात्रात देवीला गर्दी लोटते. गुळगुळीत वाट, प्लास्टिकच्या चपला, कडेवर लेकरं. दर साली कोणाचा पाय मुरगळतो, कोणाचा मोडतो. त्यांना उचलून कड्यावर आणणारं आमचं पथक. पगार नाही, गणवेश नाही. एक दोर, एक स्ट्रेचर, औषधांची पिशवी, शिट्ट्या.

मी महामाया. एसटीत कंडक्टर. रविवारची सुट्टी मागून घेते ती या पथकासाठी, कारण ते मी सुरू केलं. भादव्यात नवी पोरंपोरी येतात, त्यांना शिकवते. शेवटच्या रविवारी परीक्षा. पथकातलं कोणीतरी जखमी होतं, नवे त्याला वर आणतात, मी बाजूनं चालत चुका टिपते. पास झाले ते नवरात्रात माझ्यासोबत खाली उतरतात. नापास झाले ते वर पाणी वाटतात.

यंदा संघर्ष म्हणाला, "ताई, यंदा तुम्हीच जखमी व्हा."

"मी? मंग चुका कोण पाह्यन?"

"मी पाह्यतो ना. तुम्ही एकदा आतून पाहा पोरं कशी उचलतात ते. बाहेरून तं दर साली पाह्यता."

संघर्ष माझा पहिला शिष्य. शिष्य म्हणू नये, पण दुसरा शब्द नाही. स्ट्रेचरसुद्धा नव्हतं तेव्हा एका बाईला आम्ही बाजेवर घालून वर आणलं होतं. बाजेचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं, दुसरं त्याच्या. आतून पाहा. असं त्याला सुचावं याचा मला अभिमान वाटला.

तोंड

तोंड बांधत नाहीत.

सरावात जखमीनं नाटक करायचं असतं. ओरडायचं, शिव्या द्यायच्या, आईला हाका मारायच्या, मले इथंच मरू द्या म्हणायचं. उचलणाऱ्यांनी ऐकायचं आणि चालत राहायचं. एकच शब्द वेगळा.

खरं.

जखमी "खरं" म्हणाला की जो जिथं असेल तिथं थांबायचं. स्ट्रेचर टेकवायचं, पट्टे सोडायचे. कारण सरावातही माणसाला लागतं. हा शब्द चेष्टेत वापरला म्हणून मी एका साली पथकातला सगळ्यात तगडा पोरगा घरी पाठवला होता.

पहिल्या दिवशी सगळ्यांकडून म्हणून घेते, शाळेत पाढे म्हणतात तसं.

"खरं म्हटलं की?"

"थांबायचं!"

"साहेब म्हणे, चला?"

"थांबायचं!"

"मी म्हटलं, चला?"

इथं दर साली थोडी चुळबुळ होते. एकमेकांकडं पाहतात. मग हळूच, "थांबायचं."

उजवा कान

बंद. शिवमनं बांधला. गुंडाळी अशी घट्ट की स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येत होतं. पैकीच्या पैकी गुण.

डावा कान

डिंपलनं बांधला. सैल. चुका टिपत असते तर पहिली हीच टिपली असती. पहिल्याच चढावर गुंडाळी कानावरून सरकून मानेपाशी गेली. पोरांना ते दिसलं नाही. त्यांच्या हिशेबानं ताई बहिरी होती. संघर्ष पुढं दोर लावायला गेला होता. डोक्याकडं डिंपल आणि शिवम, पायांकडं आणखी दोघं. डिंपल विचारत होती, शिवम सांगत होता. मध्ये दगड आला, दम लागला, बाजू बदलली की तुटायचं. जे आलं ते असं:

"...वजनदार हाय बे कंडक्टरबाई."

"तिकिटाची बॅग गिळली असन."

(हसले. मीही हसले, आतल्या आत.)

"...शाल आणली का?"

"संघर्षदादानं आणली. नारळ बी. वर खुर्च्या मांडून राह्यले. माईक हाय."

"अन् ताईले काहीच मालूम नाही?"

"सरप्राईज हाय ना."

माझा सत्कार! मी डोळे मिटले. पाणी आलं ते डावीकडं वाहत गेलं, पुसायला हात मोकळे नव्हते. मनातल्या मनात भाषणही जुळवलं. सुरुवात अशी: मी काही मोठं केलं नाही. नंतर संघर्षचं नाव घ्यायचं, बाजेची गोष्ट सांगायची, लोक हसतील, मग

"...मंग तंबूवाले पंजाबराव जॅकेटं वाटणार."

"कोणत्या रंगाचे?"

"लाल. पाठीवर मोठ्या अक्षरात, कडेलोट ॲडव्हेंचर."

"कडेलोट? अबे कडेलोट म्हंजे तं शिक्षा होती. वरून ढकलून देत."

"त्यायले काय मालूम. नाव जोरदार हाय म्हणे."

दगड. दम.

"...घटापासून पथक त्यायचंच. संघर्षदादा मॅनेजर. आपल्याले पगार."

"अन् ताई?"

बाजू बदलली. शिवमचा आवाज आता जवळून.

"ताई वर. तंबूत बसायचं, वॉकीटॉकी घेऊन. मार्गदर्शक. दादा म्हणे, खाली नको आता ताई, अडचण व्हते."

"ताई तयार झाली?"

"इचारते कोण? शाल टाकली की झालं. सत्कार झालेला माणूस परत कामावर येते का कुठं?"

आमच्याकडं माणूस काढायचा असला की त्याचा सत्कार करतात. भजनी मंडळापासून पतसंस्थेपर्यंत मी पाहिलेलं आहे. गळ्यात हार असलेला माणूस भांडायला लागला तर वेडा दिसतो. म्हणून हार आधी घालायचा.

शब्द जिभेवर आला. एकदाच म्हटला असता तर चौघंही थांबली असती, पट्टे सुटले असते, मी उठून बसले असते. म्हटला नाही. तो शब्द खरोखर लागल्यावर म्हणायचा. मी डोक्यापासून बोटांपर्यंत स्वतःला तपासलं. कुठंच लागलं नव्हतं.

कोपर

मग लागलं.

वाटेत दोन काळ्या दगडांमधून आडवं निघावं लागतं. तिथं शिरायच्या आधी जखमीचे हात पट्ट्याखाली आहेत ना ते पाहायचं. कोणी पाहिलं नाही; चढावर पट्टा ढिला होऊन माझं कोपर बाहेर सरकलं होतं. स्ट्रेचर कललं, माझं डावं कोपर दगड आणि स्ट्रेचरच्या दांडीमध्ये आलं, आणि मागच्यांनी जोर लावला. भेंडी मोडताना होतो तसा आवाज झाला.

"खरं," मी म्हणाले.

स्ट्रेचर चालत राहिलं.

"खरं! शिवम, खरं!"

"ऐकलं?" शिवम हसला. "दादा बोललाच होता."

डोक्याकडची बाजू डगमगली. डिंपल थबकली असावी. "अबे, खरं म्हणून राह्यली ना ती."

"दादानं काय सांगतलं? ताई वर पोचू नाही म्हणून खरं खरं करन. तीच परीक्षा हाय. थांबले ते नापास."

"पण ताईनंच तं..."

"चाल ना बे. लोक खोळंबले वर."

आणि डिंपल चालली.

म्हणजे संघर्षनं आधीच पाहून ठेवलं होतं. वाटेत मला कळलंच तर मी काय करेन, कोणता शब्द उच्चारेन, सगळं. पथक घे. जॅकेट घाल. मॅनेजर हो, मी पेढे खाल्ले असते. पण त्यानं पोरांना तो शब्द ऐकूनही चालत राहायला शिकवलं होतं, आणि ते माझ्या परीक्षेच्या नावानं. भादवाभर मी जे शिकवलं ते त्यानं बहुतेक चहा पिता पिता पुसलं असेल.

मी ओरडत राहिले. विवरात हाक घुमते. माझा शब्द पलीकडच्या कड्यावर आपटून परत येत होता. एका मोरानं उत्तर दिलं.

पोट

पोटावर नारळ ठेवला.

वर कड्यावर मांडव होता. खुर्च्यांसमोर दोन बाकं जोडून त्यावर मला स्ट्रेचरसकट ठेवलं. संघर्ष माईकवर होता. "पोरायनं ताईले सुखरूप वर आणलं! जोरदार टाळ्या!"

टाळ्या.

डिंपल पट्टा सोडायला वाकली तसे पंजाबराव पुढं आले. कड्यावर तंबू ठोकून शहरातल्या लोकांना ठेचा-भाकर खाऊ घालणारे पंजाबराव. "राहू द्या, राहू द्या पट्टे. फोटो झकास येते." मग त्यांनी शाल उलगडली आणि मानेपासून गुडघ्यांपर्यंत माझ्यावर पसरली. वर नारळ. वर हार, तो गळ्यात घालता येईना म्हणून छातीवर.

खुर्च्यांच्या मागं एक म्हातारी दर्शनाहून वर आलेली. तिनं पदर तोंडाला लावला.

"कोण गेलं वो?"

"कोणी नाही गेलं, आजी. सत्कार हाय."

"असा?"

"संघर्ष," मी म्हणाले. "हात."

तो फोटोवाल्याकडं पाहत होता. माईक तोंडापाशीच होता. "नाही ताई, हात जोडायची गरज नाही, पडून राहा तुम्ही." लोक हसले. चांगला हशा होता, प्रेमाचा. लोकांना काही माहीत नव्हतं.

मग शाल काढली, पट्टे सोडले. कोपर वांग्यासारखं सुजलं होतं, तसंच जांभळं. शिवमनं पाहिलं आणि मान खाली घातली. संघर्षनं माईक बाजूला धरला, माझ्यावर वाकला आणि खरोखर काळजीनं, अगदी माझ्याच आवाजात, म्हणाला:

"ताई, आधी काऊन नाही सांगतलं?"

पुन्हा तोंड

ज्याचा सत्कार होतो त्याला दोन शब्द देतात. पंजाबरावांनी माईक माझ्यासमोर धरला. जुळवलेल्या भाषणातलं एकही वाक्य आठवेना.

"देवीले या," मी म्हणाले. "पण पाय मोडला तं या पथकाले हाक मारू नका. मी शिकवलेले सगळे नापास हायेत. हे थांबत ना"

माईक गेला. मी बोलत होते, ओठ हलत होते, पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नव्हतं. कंडक्टरचा आवाज माझा, भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. खाली विवरातच संपला होता.

"ताई भावनिक झाल्या," पंजाबराव टाळ्या वाजवत म्हणाले. माईक परत आला होता. "साहजिक हाय. पोहे घ्या मंडळी, पोहे घ्या."

जॅकेटं वाटली. शिवमला मोठं झालं, त्यानं बाह्या दुमडल्या. डिंपल बराच वेळ ते हातात धरून उभी होती, घडीवर घडी घालत. मी तिच्याकडं पाहत होते. तिनंही माझ्याकडं पाहिलं.

मग तिनंही घातलं.

मान

मोडलेला हात मानेच्या आधारानं बांधतात.

संघर्ष शाल घेऊन आला. न विचारता गुडघ्यावर बसला, शालीची तिकोनी घडी केली, एक टोक कोपराखालून घेतलं, दुसरं खांद्यावरून. गाठ मानेच्या बाजूला बांधली. मधल्या हाडावर नाही. हाडावर बांधणाऱ्यांना मी दहा वेळा सोडायला लावते. त्याला कधीच लावावं लागलं नव्हतं.

"जीप सांगतली हाय. दवाखान्यात सोडून देईन."

"कोण येते? तू?"

"मले इथं... पत्रकार आलेत. डिंपल येईन सोबत."

मी पायांकडं पाहिलं. खाली पडलेला हार कोणीतरी तुडवला होता.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "माह्या घरी दोन लेकरं हायेत. किती दिवस फुकट वाह्यचे लोक? तुमची नोकरी पक्की हाय. माही काय हाय?"

"मले इचारलं असतं तं मी हो म्हटलं असतं."

"मालूम हाय."

"मंग?"

तो गाठीशी चाळा करत राहिला. "हो म्हटलं असतं, अन् मंग रोज खाली आल्या असत्या. पोरं तुमच्याकडंच पाह्यतात, ताई. मी दोर लावतो अन् ते तुमच्याकडं पाह्यतात. तुम्ही मान हलवली की मंग धरतात."

आज पहिल्यांदाच तो खोटं बोलत नव्हता. मला बाज आठवली नाही, काही आठवलं नाही. नुसतं कोपर ठणकत होतं, आणि मांडवात कोणीतरी शेव मागत होतं.

त्यानं शालीखाली दोन बोटं सरकवून पाहिली. झोळी बांधली की असं पाहायचं असतं.

"घट्ट झालं तं सांगा, ताई."

घट्ट झालं होतं. मी उठले आणि जीपकडं चालू लागले.