जाळीतला करंट

मेलेल्या कोंबड्या दीपानं गोठ्यापुढं ओळीनं ठेवल्या. एकीलाही मुंडकं नव्हतं, आणि धडाला कुणी तोंडसुद्धा लावलं नव्हतं. जनावरानं खाल्ल्या असत्या तर तिला इतका राग आला नसता. नुसत्या मारून टाकल्या होत्या.

"रानमांजर हाय," तिचा सासरा रखमाजी ओट्यावरून म्हणाला. दातांवर मिश्री घासता घासता तो पिचकारीला जागा शोधत होता. "चटक लागली त्याला. आता रोज येनार."

"जाळी कुरतडलीया," दीपा म्हणाली.

"नायलॉनची जाळी ती. तिला मांजर भेनार व्हय? म्या सांगतो त्ये कर. घरामागून लाईटीची तार गेलीय. बांबूला आकडा बांधतो, तारंवर टाकतो, खालची उघडी वायर जाळीभवती फिरवतो. येकदा चिकटलं की इषय संपला."

दीपानं हातातली कोंबडी खाली ठेवली. "मामा, जाळीला लागूनच वाट हाय. त्याच वाटंनं आत्याबाई आन मी पानी आनतो."

"मग जपून चालायचं. द्येवानं डोळं दिल्यात ना?"

हे वाक्य दीपानं आधी ऐकलं होतं. गेल्या साली खालच्या वस्तीवर कुणीतरी डुकरांसाठी मक्याच्या बांधावर उघडी तार सोडली होती, आणि आसारामची सून गवत कापताना तिला चिकटली. उचलली तेव्हा तिच्या मुठीत विळा तसाच होता. दहाव्याला जमलेली माणसं म्हणत होती, बाईनं बघून चालायला पाहिजे हुतं. तार कुणी सोडली हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

"जाळीला आकडा लागनार न्हाई," दीपा म्हणाली.

रखमाजीनं पिचकारी मारली. "कुनाच्या हुकमानं?"

गोठ्यात शेण भरणारा तिचा नवरा भीमराज पाटी घेऊन तिथंच थांबला. बाप आणि बायको यांच्यात बोलायची वेळ आली की त्याला हातातलं काम फार महत्त्वाचं वाटायचं. सासू बनाबाई चुलीपुढून एकदा बघून परत भाकरीकडं वळली.

"झटका मशीन बसवू," दीपा म्हणाली. "ठोका देतं आन सोडतं. जनावर पळतं, मरत न्हाई. मानूस बी मरत न्हाई."

"मरत न्हाई तर बसवायचं कशाला?"

"परत येऊ नये म्हनून."

रखमाजी हसला. "बारावी सायन्स झालीया पोरगी. आनू दे. बाजारापतूर थांबतो. न्हाई चाललं तर आकडा."

तिसगावच्या बाजाराच्या दिवशी दीपा भीमराजच्या मोटारसायकलवर मागं बसून गेली. दुकानात फवारणीचे पंप, पाइपांची वेटोळी आणि मागच्या फळीवर झटका मशीनची खोकी. दुकानदारानं दीपाला स्टुलावर बसायला सांगितलं आणि भीमराजपुढं सगळ्यात मोठं खोकं ठेवलं.

"हे घ्या मालक. डुक्कर उलटं पडतं. साठ एकराला पुरतंय."

"साठ एकर न्हाई, कोंबड्यांची जाळी हाय," दीपा म्हणाली.

"रान किती हाय तुमचं, मालक?"

भीमराजनं दीपाकडं बघितलं. दीपा स्टुलावरून उठली.

"मला विचारा. कोंबड्या माझ्या हायत. ठोक्यात जोर किती? जूल किती?"

"जूल?" दुकानदार म्हणाला. "ते आमी ठेवत न्हाई, ताई. व्होल्ट बघा की. धा हजार व्होल्ट हाय."

"व्होल्ट सगळ्यांचंच हजारात असत्यात. जोर कुठं लिव्हलाय ते दावा."

त्या मोठ्या खोक्यावर डुकराचं चित्र होतं, एकरांचा आकडा होता, व्होल्ट लाल अक्षरांत होते. जोर कुठंच लिहिलेला नव्हता. दीपानं एकेक खोकं मागितलं आणि उलटून मागची बाजू वाचायला लागली. तिला काय पाहिजे ते तिच्या डोक्यात पक्कं होतं. जाळी म्हणजे एकच तार नव्हे. कोंबड्यांभोवती छोटीच दिसते, पण तिच्यातून आडव्या तारा एकाखाली एक जाणार आणि सगळ्यात खालची जमिनीपासून चार बोटं वर असणार. गवत वाढलं की तिला टेकणार, आणि टेकेल तिथं थोडा थोडा करंट मातीत जाणार. मशीन लेचंपेचं असलं तर सगळा जोर गवतच पिऊन टाकणार. आणि डुकराचं घ्यावं, तर जाळीत मान अडकलेली कोंबडी सोडवायच्या आत मरायची. म्हणजे मधलं पाहिजे. आणि दोन ठोक्यांत सेकंदाची फट पाहिजे, धरलेला हात सुटेल एवढी.

"ताई, बाकीचं गिऱ्हाईक हाय," दुकानदार म्हणाला. मग भीमराजला, हसून, "घरचा कारभार यांच्याकडंच दिसतोय."

मागं उभी असलेली दोन माणसं हसली. भीमराजही हसला. कानांच्या पाळ्या तापल्या तरी दीपानं वाचणं थांबवलं नाही. सगळ्यात खालच्या फळीवर धूळ बसलेलं एक मध्यम खोकं होतं. त्याच्या मागं बारीक अक्षरांत जूल होता, ठोक्यांमधली वेळ होती आणि अर्थिंगचा रॉड किती खोल ठोकायचा तेही होतं.

"हे द्या. आन जाळीत ओवायला क्लच वायर द्या."

"बघा हां. चाललं न्हाई तर परत घेनार न्हाई."

"परत आनायला मी येनार बी न्हाई."

परत येताना भीमराज म्हणाला, "चारचौघांत येवढं बोलायची काय गरज हुती?"

"तुमी बोलला असता तर मी गप बसले असते. तुमी हसत हुता."



क्लच वायर जाळीत ओवायला दीपाला आणि बनाबाईला दुसऱ्या दिवशीची सगळी सकाळ लागली. बनाबाईची बोटं गोधडी शिवून शिवून तयार झालेली. जाळीचं एक घर सोडून एक ओवत तिनं वायर अशी सरळ नेली की कुठंही झोळ आला नाही. दीपानं वायरीचे जोड घट्ट पिळले, खालचं गवत कापून काढलं आणि अर्थिंगचा रॉड मोरीचं पाणी मुरतं तिथं ठोकला. बाकी सगळा कोरडा मुरूम होता, त्यात करंटाला परतीची वाट मिळाली नसती.

मशीन चालू केलं. टिक, टिक, टिक.

आवाज ऐकून शेजारचा सहादेव आला. रखमाजी ओट्यावरून उतरला, पायात वहाणा सरकवल्या, जाळीपाशी गेला आणि सरळ तार मुठीत धरली. तो तसाच उभा राहिला. मशीन टिकटिकत होतं.

"सहादेवा, हे घड्याळ आनलंय व्हय रं सुनंनं?"

सहादेवानंही तार धरली. "मला तर गुदगुल्या बी हुईनात, तात्या."

भीमराजनं धरली. त्यालाही काही झालं नाही. त्यानं दीपाकडं बघितलं, आणि त्याच्या नजरेत कीव होती. ती कीव तिला दुकानातल्या हसण्यापेक्षा जास्त लागली.

बनाबाई भांडी घासून मोरीकडून येत होती. "बघू," म्हणाली आणि तिनं ओलं बोट तारेला लावलं. "आगं आय गं," म्हणत ती मागं सरकली ती मटकन खालीच बसली, आणि भांड्यांतलं पाणी सांडलं. कोपरापर्यंतचा हात तिनं पोटाशी धरला.

"लागतंय," ती म्हणाली. "लई लागतंय."

"हिला वाऱ्याचा बी झटका बसतो," रखमाजी म्हणाला. सहादेव खो खो हसला. "बास झालं आता. भीमा, त्यो बांबू आन."

"आण्णा, जरा थांबा की," भीमराज म्हणाला.

"कशाला थांबू? तिघा गड्यांनी धरून बघितलं. आन म्हनं बाईला लागतंय."

रखमाजीनं स्वतःच बांबू उचलला. आकडा त्यानं आधीच बांधून ठेवला होता. म्हणजे बाजाराला जायच्या आधीच त्याचं ठरलं होतं. वायर खांद्यावर टाकून तो घरामागच्या तारेकडं निघाला.

दीपानं सासूला उठवायला हात दिला, तेव्हा तिला बनाबाईचे पाय दिसले. ओले, भेगाळलेले, अनवाणी. मग स्वतःचे. मग तिनं तिघा गड्यांचे पाय बघितले. तिघांच्याही पायांत टायरच्या जाडजूड वहाणा होत्या. या घरात सासऱ्यापुढं सून अंगणात पायताण घालत नव्हती. बनाबाईनं तिच्या सासऱ्यापुढं घातलं नव्हतं, आणि सासरा जाऊन कैक वर्षं झाली तरी पायांना सवय झाली नव्हती.

"मामा, थांबा."

तो थांबला नाही. दीपा भीमराजपुढं गेली. "वहाणा काढा."

"काय?"

"काढा म्हनते ना."

त्यानं काढल्या. दीपानं त्या आपल्या पायात घातल्या, सासऱ्यादेखत, परक्या माणसादेखत. सहादेवाचं हसणं थांबलं. रखमाजी मागं वळला आणि त्याची नजर तिच्या पायांवर गेली.

"लाजबीज हाय का न्हाई?"

दीपानं तार मुठीत धरली. मशीन टिकटिकलं. तिला काही झालं नाही.

"बघा. मला बी गुदगुल्या हुईनात." मग तिनं एक वहाण काढली, पाय बनाबाईनं सांडलेल्या पाण्यात ठेवला आणि तार परत धरली. खांद्यापर्यंत ठोका बसला. दात करकचून मिटले. तिनं हात सोडला नाही. दुसरा ठोका बसला तेव्हा सोडला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज नीट होता.

"मशीनला गडी आन बाई कळत न्हाई, मामा. त्याला पाय कळत्यात. मांजराच्या पायात वहाना नसत्यात. आमच्या बी नसत्यात."

तिनं बांबूच्या आकड्याकडं बोट केलं.

"तुमी आकडा टाका. त्या तारंला हात लागला तर तुमी वाचाल एखाद्या वक्ती, टायरवर उभं ऱ्हाता म्हनून. आत्याबाई वाचनार न्हाई. मी वाचनार न्हाई. आन दहाव्याला तुमी म्हनाल, बाईनं बघून चालायला पाहिजे हुतं."

रखमाजीनं खांद्यावरची वायर सावरली. "जास्त बोलायला लागली," तो सहादेवाला म्हणाला. सहादेव दुसरीकडं बघत होता.

तेव्हा बनाबाई उठली. लुगड्याला हात पुसत ती नवऱ्यापाशी गेली आणि त्याच्या हातातला बांबू तिनं धरला. ओढला नाही. नुसता धरून राहिली. "धनी, वहाना काढा आन येकदा धरून बघा," ती म्हणाली. "मग टाका आकडा. मी न्हाई आडवत."

म्हातारा बायकोच्या नजरेला नजर देईना, सुनेच्याही देईना. त्यानं वहाणा काही काढल्या नाहीत. बांबूवरचा हात मात्र सोडला, आणि "कामं पडल्याती," असं पुटपुटत विहिरीच्या वाटेनं गेला. जाताना जाळीपासून चांगला दोन हात लांबून गेला. सहादेवालाही त्याच्या म्हशीची आठवण झाली.

बनाबाईनं बांबूचा आकडा सोडवला आणि बांबू वेलांच्या मांडवाला लावला.

दीपानं काढलेली वहाण परत पायात घातली आणि पाटीतलं धान्य घेऊन कोंबड्यांकडं निघाली. भर उन्हाचा मुरूम तापला होता. भीमराज एका पायावरून दुसऱ्या पायावर होत अंगणाच्या मधोमध उभा होता.

"दीपे, माझ्या वहाना दे की. पाय पोळत्यात."

"पोळू द्या," ती मागं न बघता म्हणाली. "कोंबड्यास्नी दानं टाकून येते."